‘फाईल सापडत नाही’ म्हणणारा प्रोग्राम बरा

आजचा भाग हेडफोन लावून ऐका, आणि जमलं तर जवळ कागद-पेन ठेवा. आज इतिहास आहे, पण त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. आपल्या फोनमध्ये ज्या फाईली नाहीत, त्या फाईलींचा इतिहास आहे.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात. घरी लॅपटॉप नव्हता, अजूनही नाही. जे काय प्रोग्रामिंग शिकलो ते ॲण्ड्रॉईड फोनवर, टर्मक्समध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टर्मक्स म्हणजे एक काळी खिडकी. तिच्यात बटणं नाहीत, कमांड टाइप करायची आणि एंटर मारायचं. फ्रेडरिक फोर्नवॉल यांनी २०१५ साली हे ॲप आणलं, आणि माझ्यासारख्या कितीतरी पोरांचा तोच पहिला कॉम्प्युटर झाला.

माझे बाबा पावसाची वही ठेवतात. कधी पडला, किती वेळ पडला, ओढ्याला पाणी आलं का, सगळं वहीत. मला वाटलं, हे आपण फोनवर करू. पाऊस सुरू झाला की एक कमांड मारायची, तारीख-वेळ आपोआप नोंदली जाईल आणि ऑनलाइन शीटमध्ये जाऊन बसेल. लिनक्स सर्व्हरसाठी बनवलेलं एक छोटं नोंदीचं टूल मला इंटरनेटवर सापडलं. फोनच्याच जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेलं होतं. म्हटलं, झालं काम!

काम झालं नाही. तीन वेळा अडलं, आणि तिन्ही वेळा कारण एकच होतं: जी सिस्टिम फाईल टूलला हवी होती, ती फोनमध्ये नव्हती. पण तिन्ही वेळा टूल वेगळं वागलं. पहिल्यांदा ते अडून बसलं. दुसऱ्यांदा त्यानं भलत्याकडेच बोट दाखवलं. तिसऱ्यांदा काहीच बोललं नाही, आणि तेच सगळ्यात महागात पडलं असतं.

पहिला अडथळा: समोर असलेली फाईल ‘नाही’

टूल डाउनलोड केलं, चालवायची परवानगी दिली, एंटर मारलं. उत्तर आलं, अशी फाईल किंवा फोल्डर नाही. अरे, यादीत तर दिसतेय! मी नाव तीनदा तपासलं, पुन्हा डाउनलोड केलं. तेच.

इथे आधी मनमाडला जाऊन येऊ. परभणीहून मुंबईला जाणाऱ्या जुन्या माणसांना विचारा, ते सांगतील की मनमाडला गाडी बदलावी लागायची. निजामाच्या राज्यातली हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे १९००च्या आसपास आपल्या भागातून मनमाडपर्यंत आली. ती मीटर गेज, म्हणजे दोन रुळांमध्ये १००० मिलिमीटर अंतर. मनमाडला जी मुंबईची लाईन होती ती ब्रॉड गेज, १६७६ मिलिमीटर. डबा धडधाकट, इंजिन धडधाकट, पण पुढे त्याच्या मापाचा रूळच नाही. १९९०च्या दशकात आपल्याकडचा रूळ रुंद झाला तेव्हा कुठे हा त्रास संपला.

माझं टूल असंच मनमाडला उभं होतं. लिनक्सवरचा बहुतेक प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याच्या पोटात एक पत्ता लिहिलेला असतो: मला सुरू करण्याआधी अमुक फोल्डरमधल्या अमुक लोडरला बोलवा. हा लोडर लागणाऱ्या लायब्ऱ्या गोळा करतो आणि मग प्रोग्राम चालू होतो. सर्व्हरवरच्या लिनक्समध्ये हा लोडर जीलिबसी नावाच्या लायब्ररीसोबत येतो आणि ‘लिब’ फोल्डरमध्ये राहतो. ॲण्ड्रॉईडमध्ये तो तिथे नसतो.

का नसतो? तर ॲण्ड्रॉईडचा गाभा लिनक्सचा असला तरी वरचा संसार वेगळा आहे. पहिला ॲण्ड्रॉईड फोन, एचटीसी ड्रीम, २००८ साली आला. त्यात रॅम होती १९२ एमबी. हो, एमबी! जीलिबसी त्याला जड होती, शिवाय तिच्या लायसन्सच्या अटी गूगलला नको होत्या. म्हणून त्यांनी बीएसडी परंपरेतला कोड घेऊन बायोनिक नावाची हलकी लायब्ररी बनवली. तिचा लोडर वेगळा, त्याची जागाही वेगळी. गाडी तीच, गेज बदललं.

म्हणजे संदेश खोटा नव्हता. फाईल खरंच नव्हती, फक्त मी समजत होतो ती फाईल नव्हे. टूल होतं, लोडर नव्हता. या संदेशानं इतक्या लोकांना फसवलं, की बॅश शेलच्या ५.२ आवृत्तीत तो बदलला. आता बॅश म्हणतं, चालवता येत नाही, लागणारी फाईल सापडली नाही. इतका छोटा बदल, पण माझा अख्खा रविवार वाचला असता.

स्क्रिप्टच्या बाबतीतही हाच घोळ होतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह देऊन, मला कोण चालवणार, त्याचा पत्ता लिहितात. ही सोय डेनिस रिची यांनी १९८० साली युनिक्समध्ये आणली. आज बऱ्याच स्क्रिप्ट ‘यूएसआर, बिन, एन्व्ह’ हा पत्ता लिहितात. ॲण्ड्रॉईडवर हा पत्ता नाही. स्क्रिप्ट समोर असते आणि तरी उत्तर येतं, फाईल नाही. त्यासाठी टर्मक्समध्ये ‘टर्मक्स फिक्स शिबँग’ नावाची कमांडच दिलेली आहे.

बरं, हे पत्ते इतके घट्ट का? ‘यूएसआर’चीच गंमत ऐका. १९७१च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये युनिक्स बनत होतं, तेव्हा डिस्क होत्या अगदी छोट्या. पहिली डिस्क भरली, म्हणून उरलेले प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर सरकवले. त्या डिस्कवर लोकांची खासगी फोल्डरं होती, म्हणजे यूजर्सची. म्हणून नाव यूएसआर. जागा कमी पडली म्हणून केलेली सोय, तिचा रिवाज झाला, रिवाजाचा नियम झाला. आणि पन्नास वर्षांनी जिंतूर तालुक्यातला एक पोरगा त्या नियमाला अडखळला.

मग ती फाईल आपणच तिथे का ठेवू नये? कारण ॲण्ड्रॉईड ठेवू देत नाही. सिस्टिमचा भाग फक्त वाचता येतो. प्रत्येक ॲपला वेगळा यूजर नंबर मिळतो, आणि त्यानं आपल्याच खोलीत राहायचं. म्हणून तर टर्मक्सनं स्वतःच्या खोलीत स्वतःचं ‘यूएसआर’ थाटलंय. या बंधनाचा मला राग यायचा. पण याच बंधनामुळे दुसरं एखादं ॲप माझ्या नोंदी गुपचूप वाचू शकत नाही, हेही खरं.

दुसरा अडथळा: स्वतःलाच पत्ता विचारणारं टूल

मी त्याच टूलचा दुसरा अवतार शोधला. गो भाषेत लिहिलेलं, सगळ्या लायब्ऱ्या पोटात घेऊन आलेलं. याला ‘स्टॅटिक’ म्हणतात. लोडर नको, काही नको. चाललं! पण शीटमध्ये नोंद पाठवायची वेळ आली आणि म्हणालं, कनेक्शन नाकारलं.

नेट तर चालू होतं. व्हॉट्सॲप येत होतं, व्हिडिओ चालत होते. मी सिम बदललं, फोन बंद-चालू केला, गच्चीवर जाऊन पाहिलं. मग संदेश नीट वाचला. टूल पत्ता विचारत होतं खुद्द माझ्याच फोनला, ५३ नंबरच्या पोर्टवर. म्हणजे स्वतःच्याच घराचं दार ठोठावायचं, आणि आतून कोणी उघडत नाही म्हणून परत फिरायचं.

असं का, ते ऐका. वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर शोधायच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ती मांडली. त्याआधी साऱ्या नेटवर्कच्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत ठेवलेली असायची आणि प्रत्येकानं तिची प्रत उतरवून घ्यायची. डीएनएस आल्यावर बर्कलेच्या युनिक्समध्ये एक छोटी फाईल आली, ईटीसी फोल्डरमधली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’. पत्ता कोणाला विचारायचा, एवढंच तिच्यात लिहायचं. आणि नियम असा, की फाईल नसेल तर आपल्याच मशीनला विचार. त्या काळी ते बरोबर होतं, कारण मोठ्या मशीनवर नावं सांगणारी सेवा तिथेच चालू असायची.

ॲण्ड्रॉईडला ही फाईल लागत नाही. फोन कधी वायफायवर, कधी सिमवर, दर वेळी विचारायचं ठिकाण बदलतं. म्हणून तिथे ॲप सिस्टिमच्या सेवेला विचारतं आणि सेवा पुढचं बघते. माझ्या टूलला ही पद्धत माहीतच नव्हती. त्यानं फाईल शोधली, मिळाली नाही, मग बर्कलेचा जुना नियम पाळला.

इलाज सोपा निघाला. टर्मक्समध्ये ‘प्रूट’ नावाचं पॅकेज आहे. ते इन्स्टॉल केलं की ‘टर्मक्स सीएचरूट’ ही कमांड मिळते. ती टूलला एक नाटक दाखवते: टर्मक्सच्या खोलीतलं ईटीसी आणि यूएसआर जणू खऱ्या जागी आहेत असं भासवते. त्या ईटीसीत रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ तयार असते. नोंद शीटमध्ये गेली आणि मी घरभर नाचलो.

तिसरा अडथळा: गप्प बसलेलं टूल

जुलै-ऑगस्ट छान गेले. मग सप्टेंबरात एका रात्री जोराचा पाऊस आला. वेळ पावणेतीन, मंगळवार संपून बुधवार लागलेला. मी झोपेतच फोन उचलला, कमांड मारली आणि परत झोपलो. सकाळी सोयाबीनमध्ये घोट्याच्या वर पाणी.

बाबा म्हणाले, “तुझ्या फोनात काय तारीख लागली बघ बरं. विम्याला कळवायचंय.” त्या वर्षी पीक विम्यात नियम होता, अशा नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यायची. मी शीट उघडली. तारीख मंगळवारची.

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. म्हणाले, “मंगळवारी? वेळ काय लावली त्यानं?” वेळेचा रकाना मी लपवून ठेवला होता, तो उघडला. रात्री सव्वानऊ. बाबा हसले. “सव्वानऊला आपण अंगणात जेवत होतो रे. टिपूस तरी होता का?”

टूलनं कुठलाच संदेश दिला नव्हता. पहिल्या दिवसापासून ते साडेपाच तास मागची वेळ लिहीत होतं. दुपारच्या, संध्याकाळच्या पावसाची तारीख बरोबरच यायची, म्हणून मला कळलंच नाही. चूक फक्त मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत तारखेवर दिसणार होती, आणि नेमका त्याच वेळी पाऊस आला. आमचं काही बुडालं नाही, कारण बाबांच्या वहीत ‘बुधवार पहाटे’ लिहिलेलं होतं. आम्ही खबर दिली ती वहीवरून.

मग मी कारण शोधायला बसलो. टाइम झोन सांगणाऱ्या ‘टीझेड’ व्हेरिएबलमध्ये मी ‘एशिया स्लॅश कोलकाता’ लिहिलं होतं. स्पेलिंग बरोबर. मग?

यासाठी कॉम्प्युटरला वेळ कशी कळते ते बघू. युनिक्सच्या पद्धतीत मशीन फक्त सेकंद मोजतं, १ जानेवारी १९७० पासून, यूटीसी वेळेनुसार. या आकड्यावरून परभणीत किती वाजले ते काढायला एक तक्ता लागतो. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात जगभरातल्या वेळांचे असे तक्ते जमवायला सुरुवात केली. आज ते लिनक्सवर ‘झोनइन्फो’ फोल्डरमध्ये असतात, प्रत्येक ठिकाणाची छोटी फाईल.

भारताची फाईल काहीशे बाइटची आहे, पण तिच्यात केवढा इतिहास! इंग्रजांच्या काळात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, यूटीसीच्या भाषेत ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे. १ जानेवारी १९०६ला साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ घड्याळं आणखी तासभर पुढे होती. हे सगळं त्या फाईलीत आहे. फाईलीचं नाव आधी ‘कलकत्ता’ होतं, २००८ साली ‘कोलकाता’ झालं. मुंबईनं मात्र स्वतःची वेगळी वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची, धरून ठेवली. तिथल्या महापालिकेनं ती कितीतरी वर्षं सोडली नाही. त्या हट्टाला या तक्त्यात वेगळी फाईल नाही.

परभणीलाही नाही. प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश रेखांशावरून, परभणी ७७ अंशांच्या थोडं अलीकडे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य सरासरी १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास डोक्यावर येतो. तरी आपण साडेपाचचा हिशोब मान्य केला, कारण सगळ्यांच्या नोंदी एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. हवामान खात्याचं बघा ना. रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेला धरतात. ते साडेआठ म्हणजे यूटीसीचे बरोबर तीन. तारीख कुठे बदलते, हा पावसाच्या हिशोबातला कळीचा मुद्दा आहे.

ॲण्ड्रॉईडमध्येही हे तक्ते आहेत, पण सुट्या फाईली नाहीत. सगळे एकाच मोठ्या फाईलीत बांधून ठेवलेत, वेगळ्या जागी, वेगळ्या मांडणीत. माझ्या टूलनं कोलकात्याची सुटी फाईल चार ठिकाणी शोधली, मिळाली नाही, आणि तोंडातून शब्द न काढता यूटीसी धरलं. आपल्याकडे म्हणतात ना, बनी तो बनी, नहीं तो परभणी. तसं याचं, जमलं तर कोलकाता, नाही तर यूटीसी!

इलाज भाषेप्रमाणे वेगळा. गो भाषेच्या टूलला ‘झोनइन्फो’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये तक्त्यांच्या झिपचा पत्ता देता येतो, आणि ती झिप गो भाषेच्या अधिकृत डाउनलोडमध्ये असते. मी तेच केलं. पायथॉनमध्ये ‘टीझेडडेटा’ पॅकेज टाकायचं. सी भाषेतल्या बहुतेक टूल्सना फाईलच लागत नाही, टीझेडमध्ये ‘आयएसटी वजा ५:३०’ लिहिलं तरी चालतं. वजा ऐकून दचकू नका. या लेखनपद्धतीत पश्चिमेकडचं अंतर अधिक धरतात, म्हणून पूर्वेकडचे आपण वजा.

कागदावर लिहून घ्या

आता माझी आजची पद्धत सांगतो, क्रमानं.

पहिलं, टर्मक्सच्या स्वतःच्या पॅकेजांत ते टूल आहे का बघा. असेल तर तेच घ्या, कोणीतरी गेज आधीच बदलून ठेवलंय.

दुसरं, नसेल तर ‘फाईल’ नावाची कमांड टूलवर चालवा. टूल स्टॅटिक आहे की लोडर मागतंय, आणि मागतंय तर कुठला, ते ती सांगते.

तिसरं, ‘एसट्रेस’ लावा. टूल कुठली कुठली फाईल उघडू बघतंय ते ओळीनं दिसतं. ‘नाही’ म्हणणाऱ्या ओळी ढीगभर येतील, घाबरू नका. प्रोग्राम एकच वस्तू चार जागी शोधतो, तीन जागी नसणं चालतं. चारही जागी जी मिळाली नाही, ती पकडा.

चौथं, फाईल जागेवर ठेवता येत नसेल तर टूलला नवा पत्ता द्या. तात्पुरत्या फाईलींसाठी ‘टीएमपीडीआयआर’, सर्टिफिकेटसाठी बऱ्याच टूल्सना ‘एसएसएल सर्ट फाईल’, अशी व्हेरिएबलं असतात. ती नसतील तर प्रूटचं नाटक.

पाचवं, आणि हे विसरू नका: टूल चाललं म्हणून लगेच विश्वास टाकू नका. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असा प्रश्न त्याला विचारा. वेळ असेल तर भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवा, आणि एकदा तरी मध्यरात्रीनंतर.

पहिल्या अडथळ्यानं माझा रविवार खाल्ला, दुसऱ्यानं दोन संध्याकाळी. दोघांनाही मी शिव्या दिल्या. पण ते अडले म्हणून मी थांबलो आणि दुरुस्ती केली. तिसऱ्यानं दोन महिने मला खूश ठेवलं. फाईल नसताना काय धरून चालायचं, हे कोणीतरी, कधीतरी, आपल्या सोयीनं ठरवून ठेवलेलं असतं. आपली सोय त्यांच्या डोक्यात नव्हती, कारण आपण तिथे नव्हतो. आता आपण आहोत. तुम्ही स्वतः टूल लिहाल तेव्हा, फाईल मिळाली नाही तर एक ओळ तरी छापा: तक्ता सापडला नाही, यूटीसी धरतोय.

शीट अजून चालू आहे. वेळेचा रकाना आता उघडा असतो. आणि दर रविवारी मी आणि बाबा वही आणि शीट शेजारी ठेवून आठवड्याच्या नोंदी जुळवतो. परवा एक जुळली नाही. तपासलं तर या वेळी बाबांची चूक होती. त्यांनी मुकाट्यानं पेन काढला आणि वही दुरुस्त केली.

आज रात्री बारानंतर जागे असाल तर टर्मक्समध्ये ‘डेट’ कमांड मारून बघा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.